लाकडी कपातला गंधार

“भाऊसाहेबांना गाण्यातलं काय कळतं?” इरफान मुजावर म्हणाला आणि त्याने भाऊसाहेबांच्या टकलावर हलकेच टिचकी मारली.

भाऊसाहेबांनी अर्थातच उत्तर दिलं नाही. ते आमचं मापनाचं डोकं होतं. राखाडी रबराचे कान, कानांच्या आत मायक्रोफोन, आणि चेहऱ्याच्या जागी नाकाचा उंचवटा सोडला तर काही नाही. हेडफोन त्यांच्या कानांवर चढवायचा, त्यातून खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत एक आवाज फिरवायचा, की कुठला स्वर किती मोठा ऐकू येतो त्याचा आलेख पडद्यावर उमटत असे. भाऊसाहेब हे नाव कारखान्याचे मालक पद्माकर सोवनी यांनी ठेवलं होतं. त्यांच्या चुलत सासऱ्यांनाही म्हणे काहीही ऐकवलं तरी चेहऱ्यावरची रेषा हलत नसे.

“गाण्यातलं काही कळत नाही, म्हणूनच ते इथे आहेत,” मी म्हणाले. “त्यांना लाकूड आवडत नाही आणि प्लास्टिक नावडत नाही. हे बघा.”

पडद्यावर दोन आलेख होते. निळा प्लास्टिकच्या कपांच्या हेडफोनचा, तांबडा लाकडी कपांच्या हेडफोनचा. आतली यंत्रणा दोन्हींत तंतोतंत एकच होती. दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की, तांबडी शोधायला निळी पुसावी लागत होती.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना तेव्हा लहान होता. मी तिथल्या मापनकक्षाची प्रमुख होते, म्हणजे त्या कक्षातली एकुलती एक व्यक्ती होते. इरफान आमचा रचनाकार. मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या घरातला हा पहिला अभियंता. घरच्या धंद्यात न जाता तो हेडफोन करायला आला होता आणि गेलं वर्षभर सुटीच्या दिवशीही येऊन त्याने हा लाकडी नमुना घडवला होता. तंबोऱ्याला वापरतात ते तुणीचं लाकूड, स्वतःच्या हाताने कोरलेलं. त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत सोवनींना निर्णय घ्यायचा होता. प्लास्टिकच्या साच्याची मागणी नोंदवायची, की लाकडी कपाच्या मागे जायचं. दोन्ही करण्याइतका कारखाना मोठा नव्हता.

“दाबकेबाई, तुमच्या रेषा मान्य,” सोवनी म्हणाले. ते दारातच उभे होते. “पण हा पोरगा म्हणतो ते मलाही वाटतं. काल घरी नेला होता लाकडी. आवाजात काहीतरी आहे. एक… काय म्हणतात त्याला… ओलावा आहे.”

“ओलावा मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, साहेब. लाकडाकडे बघितलं की ओलावा ऐकू येतो, हे मात्र मी मान्य करते. डोळे झाकले की तो बहुधा वाळतो.”

इरफान हसला नाही. “मग झाका,” तो म्हणाला.

“काय?”

“डोळे झाका माझे. घ्या चाचणी. ओळखता आलं नाही तर साहेबांनी आजच साच्याची ऑर्डर द्यावी. मी एक शब्द बोलणार नाही.”

“अरे, एवढं टोकाला कशाला?” सोवनी म्हणाले.

“नाही साहेब. मॅडमच्या रेषांपुढे ‘मला वाटतं’ किती दिवस म्हणत बसू?”

विज्ञानाच्या माणसाला असं कुणी म्हटलं की, त्याच्या मनात काय होतं ते सांगणं कठीण आहे. मला गुदगुल्या झाल्या एवढं नोंदवून ठेवते.

तयारीला अर्धी सकाळ गेली. प्लास्टिकच्या कपांना आतून शिशाच्या पट्ट्या चिकटवून मी दोन्ही हेडफोनांचं वजन सारखं केलं. कानाला टेकणाऱ्या गाद्या एकाच जोडीतल्या लावल्या. कपांवर काळ्या कापडाच्या पिशव्या चढवल्या, एकीवर एक आकडा, दुसरीवर दोन. कुठल्या पिशवीत काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. सोवनींनी नाणं उडवायचं, छापा पडला तर एक, काटा पडला तर दोन, आणि तो हेडफोन इरफानच्या डोक्यावर चढवायचा. इरफानने ऐकून ‘लाकूड’ किंवा ‘प्लास्टिक’ एवढंच म्हणायचं. मी शेजारच्या खोलीत बसायचं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरूनही त्याला काही कळायला नको. डोळ्यांना माझी ओढणी.

“लग्नात अंतरपाट धरला होता त्यानंतर आजच,” ती बांधत सोवनी म्हणाले. कारखान्याच्या मालकाला हमालाचं काम मिळालं होतं आणि ते कमालीचे खूश होते.

पहिल्या फेरीसाठी मी माझी नेहमीची यादी लावली. वाद्यवृंद, पियानो, एका गायकाचं संथ गाणं, टाळ्या, पावसाचा आवाज. जगभरच्या प्रयोगशाळांत असलेच तुकडे वापरतात. एकेक उत्तर काचेपलीकडून ऐकू येत होतं. ‘लाकूड’, ‘लाकूड’, ‘प्लास्टिक’. सुरुवातीला आवाजात जोर होता. पुढे पुढे उत्तरापूर्वीची शांतता लांबत गेली.

सोळा खेपा झाल्यावर मी आत गेले. सोवनींच्या नाण्याची नोंद आणि इरफानची उत्तरं ताडून पाहिली.

“किती?” त्याने ओढणी न सोडताच विचारलं.

“निम्मी.”

निम्मी म्हणजे काय ते त्याला समजावायची गरज नव्हती. नाण्यानेच उत्तरं दिली असती तरी निम्मी बरोबर आलीच असती. त्याचा चेहरा काळवंडला. सोवनी खिडकीकडे वळून उगाच बाहेरचा ट्रक बघू लागले.

“ठीक आहे,” मी म्हणाले. आवाजात विजय उमटू न देण्याचा मी प्रयत्न केला. तो कितपत साधला हे मला सांगता येणार नाही.

“मॅडम,” इरफान म्हणाला, “या तुमच्या गाण्यांत कुठला स्वर थांबतच नाही हो. आला की गेला. मी घरी या हेडफोनवर काय ऐकतो ते लावा. तंबोरा लावा.”

“हरल्यावर पत्ते बदलायचे?”

“बदलू द्या ना, बाई,” सोवनी खिडकीतूनच म्हणाले. “नाणं माझंच आहे.”

हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. तंबोऱ्याने निकाल बदलेल असं मला वाटतच नव्हतं. इरफानच्या संगणकात त्याच्या घरी केलेली दोन ध्वनिमुद्रणं होती. एक बायकांच्या पट्टीतल्या तंबोऱ्याचं, सा पेटीच्या काळी पाचवर. दुसरं पुरुषांच्या पट्टीतल्या, मोठ्या भोपळ्याच्या तंबोऱ्याचं, सा काळी एक. दोन्हींत गाणं नव्हतं, नुसता तंबोरा छेडलेला. मी पहिलं लावलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसले.

“लाकूड.” मग लगेच, “प्लास्टिक.” मग, “प्लास्टिक.” तो हेडफोन डोक्यावर नीट बसायच्या आतच बोलत होता. “लाकूड. साहेब, जरा सरळ चढवा. लाकूड.”

सोळापैकी सोळा.

मी नोंदी दोनदा ताडल्या. नाणं सोळा वेळा उडवलं आणि सोळाही वेळा छापा पडला, तर माणूस नाण्यावर संशय घेतो. मी इरफानवर घेतला.

“वास,” मी म्हणाले. “लाकडाला वास असतो. नाक पुढे करा.”

प्रथमोपचाराच्या पेटीतलं निलगिरीचं तेल मी त्याच्या नाकाखाली सढळ हाताने चोळलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी ओढणीबाहेर आलं.

“मॅडम, ही चाचणी आहे की सर्दीवरचा उपचार?”

“बोलू नका. साहेब, नाणं.”

पुन्हा सगळी बरोबर. मी पिशव्या बदलल्या, आकडे उलटे केले. पुन्हा सगळी बरोबर. मला हरल्यासारखं वाटत नव्हतं. भाऊसाहेब ‘फरक नाही’ म्हणत होते आणि एक जिवंत माणूस, नाकाला निलगिरी आणि डोळ्यांवर ओढणी, न चुकता फरक सांगत होता. दोघांपैकी एक जण काहीतरी लपवत होता आणि तो इरफान नव्हता.

“आता दुसरा तंबोरा,” मी म्हणाले. “पुरुषांचा.”

माझा एकच अंदाज होता, की यातही तो फरक ओळखेल. पहिल्या चार उत्तरांतच तो थांबला.

“हे काय… मॅडम, हेडफोन बदलले का?”

“तेच आहेत.”

“मग इथे मला काहीच ऐकू येत नाही. म्हणजे तंबोरा येतो, पण ते येत नाही.”

सोळा खेपा संपल्या. पुन्हा निम्मी.

मी धावतच आत गेले. माझ्या वयाला आणि पदवीला ते शोभत नव्हतं. “ते म्हणजे काय? इरफान, ‘ते’ म्हणजे काय? ओलावा म्हणू नका. मला स्वर सांगा.”

त्याने ओढणी कपाळावर सरकवली. “गंधार,” तो म्हणाला. “लाकडी लावला की बायकांच्या तंबोऱ्यातून गंधार एकदम वर येतो. भरून येतो.”

“गंधाराची तार असते का तंबोऱ्याला?”

“नसते ना! पंचम, दोन सा आणि खर्ज. पण तारेखालचा दोरा सरकवून जवारी नीट लागली की, सा च्या तारेतून आपोआप गंधार बोलायला लागतो. स्वयंभू गंधार. त्यासाठीच तर जीव टाकतात लोक.”

मी फळ्याकडे वळले. तार एकच स्वर देत नाही. तिच्या मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनंही ती देते, आणि त्यांतलं पाचपट म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. काळी पाचच्या सा ची कंपनं सेकंदाला दोनशे तेहतीस. त्याची पाचपट अकराशे पासष्ट. आता काळी एक. एकशे एकोणचाळीस. याची आठपट अकराशे बारा, नऊपट बाराशे एकावन्न.

“अकराशे पासष्टच्या जवळ याचं काहीच नाही,” मी म्हणाले. खडू माझ्या हातात तुटला. “पुरुषांच्या तंबोऱ्यात त्या जागी तारेचं कंपनच नाही! आणि माझ्या यादीतले स्वर तिथून नुसते पळत जातात. साहेब, तिथे काहीतरी आहे. फक्त त्या एका जागी.”

“पण तुमच्या आलेखात तर नाही,” सोवनी म्हणाले.

“माझ्या आलेखात ते दिसू शकतच नाही. आम्ही आलेख गुळगुळीत करतो. शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढतो, नाहीतर रेषा इतकी थरथरते की, वाचताच येत नाही. सगळेच करतात. रुंद टेकडी त्यातून वाचते. सुई असेल तर ती पुसली जाते.”

लाकडी हेडफोन भाऊसाहेबांच्या कानांवर चढला. मी सरासरी बंद केली आणि आवाज नेहमीच्या कितीतरी पट सावकाश फिरवला. तिघेही पडद्यासमोर उभे. रेषा थरथरत, धडपडत पुढे सरकली. हजार, अकराशे, आणि मग एकाएकी ती सरळ उभी वर गेली आणि तशीच खाली आली. दाभणासारखं एक टोक.

“आई शपथ!” इरफान ओरडला.

“आकडा वाचा!”

“अकराशे सहासष्ट!”

सोवनींनी भाऊसाहेबांच्या गालाचा मुका घेतला. असा प्रसंग त्या कक्षात पूर्वी घडला नव्हता, नंतरही घडलेला नाही.

“पण तिथेच का?” मी विचारलं. “हजार जागा असताना बरोबर गंधारावरच का?”

इरफानने कप हातात घेतला, उलटा केला, आणि त्याच्या पाठीवर नखाने टिचकी मारली. मग कान लावून पुन्हा मारली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरलं.

“पाठ कोरताना मी ती पातळ करत गेलो,” तो म्हणाला. “घरी तबली अशीच करतात. तबली म्हणजे तंबोऱ्याचा तोंडावरचा लाकडी पडदा. खरवडायची, टिचकी मारून बघायची, पुन्हा खरवडायची. हेडफोनच्या कपाला टिचकी मारायचं काही कारणच नव्हतं. हाताला सवय. बरी बोलली तेव्हा थांबलो.”

“बरी म्हणजे गंधारात.”

“घरात जन्मभर काळी पाचचे तंबोरे ऐकलेत, मॅडम. दुसरं काय बरं वाटणार?”

“म्हणजे इरफान जिंकला!” सोवनींनी टेबलावर थाप मारली. “लाकूडच घ्यायचं. खोक्यावर छापू, स्वयंभू गंधाराचा हेडफोन. जगात कुणाकडे आहे असा?”

“साहेब, हा दोष आहे,” मी म्हणाले. “कपाने गप्प बसायचं असतं. हा कप स्वतःच गातोय.”

“गातोय तर गाऊ दे! अहो, ज्या गंधारासाठी लोक आयुष्य घालवतात तो आम्ही कानात आयता देतोय, आणि तुम्ही म्हणता दोष? ऐकणाऱ्याला आवडलं, विषय संपला. की आता भाऊसाहेबांना विकायचेत हेडफोन?”

लोकांना आवडतं ते वाईट, असं कुठलंही मापन सांगत नाही. मी इरफानकडे पाहिलं. वर्षभराचं काम, आणि ते तरलं होतं. मान हलवायचीच काय ती बाकी होती. तो कप हातात धरून तसाच उभा होता.

“साहेब,” तो म्हणाला, “मुक्ताताईंचा मालकंस आहे ना तुमच्याकडे?”

मुक्ता सोवनींची मुलगी. पुण्यात गाणं शिकत होती, आणि तिचं प्रत्येक ध्वनिमुद्रण कारखान्यातल्या प्रत्येकाला किमान एकदा ऐकावं लागे.

“आहे की. का?”

“ताई काळी पाचमध्येच गातात. बसा इथे. आता ओढणी तुम्हाला.”

सोवनी हसत बसले. इरफानने लाकडी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. काही क्षण त्यांची मान ओळखीने डोलली. मग ती थांबली. त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

“हे काय? हिचा गंधार… टोचतोय. हे मी ऐकलेलं नाही. बरं नव्हतं का तिला?”

इरफानने हेडफोन काढला आणि प्लास्टिकचा चढवला. ध्वनिमुद्रण पुन्हा सुरुवातीपासून लावलं. सोवनींचा चेहरा निवळला. बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं.

“हां! ही बघ, ही माझी मुक्ता. मघाचं कुठलं होतं?”

“हेच होतं, साहेब.”

सोवनींनी ओढणी ओढून काढली.

“मालकंसात कोमल गंधार,” इरफान सांगू लागला. तो माझ्याशी बोलत होता की सोवनींशी की त्या कपाशी, कळत नव्हतं. “ताई कोमल गंधारावर उभ्या राहतात आणि माझा कप मागच्या तंबोऱ्यातला शुद्ध गंधार ओरडत राहतो. ताई बरोबर आहेत. माझा कप त्यांना बेसूर करतोय. तुमच्या मुलीचं तुम्हाला कळलं. बाकीच्यांच्या मुलींचं कुणाला कळणार?”

मग सोवनी सावकाश म्हणाले, “दुरुस्त होईल?”

“होईल. पाठीला आतून नमदा चिकटवायचा, लोकर दाबून केलेला. पाठ मुकी होईल.”

“आणि मग लाकडाचं वेगळेपण?”

“ते बघू ना,” इरफान म्हणाला. “मॅडम, पुन्हा घ्या चाचणी.”

आपण काय मागतो आहोत हे त्याला ठाऊक होतं. तिघांनाही ठाऊक होतं. त्याने नमद्याच्या दोन चकत्या कापल्या, कडा कात्रीने साफ केल्या आणि कपांत इतक्या हळुवारपणे बसवल्या की, मी नजर दुसरीकडे वळवली. भाऊसाहेबांच्या कानांवर आवाज पुन्हा सावकाश फिरला. अकराशे सहासष्टवर आता काही नव्हतं. पण इरफानचा आता त्या रेषेवर पुरता विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. त्याने ओढणी स्वतःच बांधली, निलगिरीची बाटली स्वतःच मागितली.

“काळी पाच लावा,” तो म्हणाला. “माझ्या घरचा.”

मी शेजारच्या खोलीत बसले. नाणं वाजत होतं. “लाकूड…” बराच वेळ शांतता. “प्लास्टिक. नाही, थांबा. लाकूड.” पुढे शांतता आणखी लांबली. सकाळच्यासारखीच. एकदा तो पुटपुटला, “साहेब, तोच चढवताय का पुन्हा पुन्हा?” आणि सोवनी म्हणाले, “नाण्याला विचार.”

सोळावी खेप झाली. मी नोंदी घेऊन आत गेले आणि उभ्या उभ्याच ताडल्या. सकाळी याच खुर्चीत बसून, याच ओढणीआडून त्याने विचारलं होतं तसंच त्याने आत्ता विचारलं.

“किती?”

“निम्मी,” मी म्हणाले.

इरफान खुर्चीतून ताडकन उठला. हेडफोनची वायर ताणली गेली आणि भाऊसाहेब टेबलावर आडवे झाले.

“बसला!” तो ओरडला. “मॅडम, कप गप्प बसला! तंबोरा तंबोऱ्यासारखा वाजतोय!” त्याने माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. त्याच्या डोळ्यांवर अजून ओढणी होती आणि निलगिरीचा वास माझ्या हातांना लागला.

“अरे,” सोवनी गोंधळून म्हणाले, “म्हणजे तू हरलास ना? आता तर साच्याचीच ऑर्डर जाणार.”

“जाऊ द्या, साहेब,” इरफान म्हणाला. तो चाचपडत भाऊसाहेबांना उभं करत होता. “आधी मुक्ताताईंचा मालकंस लावा. लाकडीवर.”